१८८८ची फुटबॉल लीग : गुण कसे मोजायचे हे न ठरवताच हंगाम सुरू?

मध्यरेषा
इंग्लंडची फुटबॉल लीग ही जगातली पहिली व्यावसायिक फुटबॉल लीग. पहिले सामने ८ सप्टेंबर १८८८ला झाले. विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण, हा निर्णय मात्र नोव्हेंबरात झाला. म्हणजे दोन-अडीच महिने बारा क्लब खेळत होते आणि वरचा कोण, खालचा कोण हे कशावरून ठरणार याचा पत्ता नाही! जाणकारांना दोन प्रश्न आहेत.
१. गुणच ठरले नव्हते तर लीग काढली कशासाठी?
२. बाराच क्लब का? दहा किंवा सोळा का नाहीत?
प्रीमियर लीग १९९२ची, तिच्यावर वेगळा धागा आहे. इथे फक्त सुरुवातीच्या काळाबद्दल लिहा.

बाकावरचा_बारावा
आमच्या सोसायटीची भिशीसुद्धा नियम ठरवून सुरू होते हो.
(खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.)

कूपरेज_जुना
पहिल्या प्रश्नाचं उत्तर पगारात आहे.

२० जुलै १८८५ला एफएने (इंग्लंडची फुटबॉल संघटना) पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली, तीही कुरकुरत. व्यावसायिक खेळाडूला एफए कपचे, म्हणजे एफएच्या बाद स्पर्धेचे, सामने खेळायचे असतील तर तो क्लबपासून सहा मैलांच्या आत जन्मलेला तरी हवा, नाहीतर तिथे दोन वर्षं राहिलेला तरी हवा. त्याआधी पैसे चोरून दिले जायचे. जानेवारी १८८४मध्ये लंडनच्या अप्टन पार्कने प्रेस्टनविरुद्ध तक्रार केली. प्रेस्टनचा सूत्रधार विल्यम सडेल याने 'हो, देतो पैसे, सगळेच देतात' अशा थाटात कबुली दिली आणि प्रेस्टन कपमधून बाद झालं. पुढे उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढायची धमकी दिली, तेव्हा कुठे एफए वठणीवर आली.

परवानगी मिळाली आणि दुसरंच दुखणं उभं राहिलं. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण पैसा येणार गेटवर आणि तोही सामना झाला तरच. कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर पडलात की उरलेला हंगाम मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढायचा. समोरच्या क्लबचा कपचा सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळायची वेळ आली की तुमचा शनिवार ऐनवेळी रद्द. मैदान तयार, जाहिरात झालेली, खेळाडू पगारावर, आणि समोर संघच नाही. कपमध्ये जोडी जमेल याचीही खात्री नव्हती : ऑक्टोबर १८८७मध्ये प्रेस्टनने हाइडला २६–० हरवलं. असला सामना दुसऱ्यांदा पैसे देऊन कोण बघणार?

विल्यम मॅकग्रेगर हा बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान चालवणारा स्कॉटिश माणूस, ॲस्टन व्हिलाच्या समितीवर होता. २ मार्च १८८८ला त्याने ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन, प्रेस्टन आणि वेस्ट ब्रॉमला पत्र धाडलं. मागणी एवढीच : दहा-बारा प्रमुख क्लबांनी एकत्र येऊन घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांच्या तारखा पक्क्या कराव्यात. २३ मार्चला लंडनच्या अँडरटन्स हॉटेलात बैठक झाली. दुसऱ्या दिवशी एफए कपची फायनल होती, मंडळी तशीही लंडनला येणारच होती. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात लीग स्थापन झाली.

तेव्हा लीग म्हणजे मुळात वेळापत्रक होतं. विजेता कोण हा मुद्दा त्याच्या मागून आला.

तक्तेबहाद्दर
कूपरेज काका, दंडवत. दुसरा प्रश्न मी घेतो.

सगळ्यांना जमतील अशा फक्त २२ तारखा निघाल्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं तर २२ तारखांत ११ प्रतिस्पर्धी बसतात, म्हणजे १२ क्लब. तेरावा घेतला की प्रत्येकाला २४ तारखा लागणार. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफील्डचा वेन्स्डे आणि हॅलिवेल हे इच्छुक होते, ते बाहेर राहिले. एकूण सामने १३२.

हे वेळापत्रक आजच्यासारखं फेऱ्यांचं नव्हतं. पहिल्या दिवशी सहा नाही, पाचच सामने झाले :
बोल्टन ३–६ डर्बी काउंटी
एव्हर्टन २–१ ॲक्रिंग्टन
प्रेस्टन ५–२ बर्नली
स्टोक ०–२ वेस्ट ब्रॉम
वुल्व्ज १–१ ॲस्टन व्हिला
ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि नॉट्स काउंटी त्या शनिवारी लीगमध्ये खेळलेच नाहीत. त्यामुळे कुठल्याही आठवड्याचा तक्ता काढा, झालेल्या सामन्यांचे आकडे कमी-जास्त दिसतील. अर्ध्या हंगामात कोण पुढे आहे हे गुण ठरल्यावरही सरळ कळत नव्हतं.

ऑफसाइड_आत्या
२२ तारखा हे कारण खरं, पण अर्धं. सप्टेंबर ते एप्रिल शनिवार मोजा, तीसहून जास्त भरतात. मग बावीसच का उरले? कारण कुणीही जुने कप सोडायला तयार नव्हतं. एफए कप, जिल्ह्यांचे कप आणि वर्षानुवर्षं ठरलेले चांगल्या गल्ल्याचे मैत्रीपूर्ण सामने बाजूला काढल्यावर जे राहिलं ते लीगला मिळालं. पहिल्या वर्षी लीग ही उरल्यासुरल्या शनिवारांवर बसवलेली गोष्ट होती.

दुसरं, बारा क्लबांचा नकाशा बघा. सहा लँकेशायरचे : ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, एव्हर्टन, प्रेस्टन. सहा मिडलँड्सचे : व्हिला, डर्बी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉम, वुल्व्ज. यॉर्कशायरचा एक नाही, लंडनचा एक नाही. सगळे रेल्वेने सकाळी निघून सामना खेळून रात्री परत येण्याच्या अंतरावर.

आणि शनिवारच का? १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत बायका आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी २ला थांबवायचं ठरलं. ती थांबली की पुरुषांचं कामही अडायचं, म्हणून गिरणीच बंद व्हायची. दोनला भोंगा, तीन-साडेतीनला सामना. दिवे नव्हते, त्यामुळे डिसेंबरात किकऑफ आणखी अलीकडे ओढावा लागायचा.

सातारी_लेफ्टबॅक
अवांतर : लँकेशायरच्या गिरण्यांना शनिवारची अर्धी सुट्टी १८५०ला मिळाली. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी, म्हणजे आपला रविवार, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९०ला मिळाली. तोवर आमच्या गिरणगावात सामना ठेवला असता तरी बघायला कोण मोकळं होतं?

मडगावकर
@सातारी, चांगला मुद्दा काढलास रे. म्हणून आमच्याकडे सुरुवात पलटणींची झाली. ड्युरँड कप शिमल्याला १८८८लाच, म्हणजे त्याच वर्षी. रोव्हर्स कप मुंबईला १८९१ला, पहिला विजेता वूस्टर रेजिमेंट. गोऱ्या शिपायांना ना गेटची काळजी, ना पगाराची. बाद पद्धतीचा कप त्यांना पुरत होता. कलकत्त्याची लीग १८९८ची, पण देशभराची राष्ट्रीय लीग यायला १९९६ उजाडलं. साळगावकर क्लबने तिचं विजेतेपद १९९८–९९ला गोव्यात आणलं. मुंबईला महिंद्र युनायटेडमुळे ते २००५–०६ला मिळालं.

बाकावरचा_बारावा
आला, गोवा आला! आता डेम्पो विरुद्ध चर्चिल सुरू होणार.

मध्यरेषा
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येईन. पण माझा पहिला प्रश्न अजून लटकलाय. तारखा पक्क्या करायला लीग काढली, पटलं. मग नोव्हेंबरात गुण ठरवायची निकड का वाटली? प्रेस्टन तर असंही सगळ्यांना धुवत होतं.

तक्तेबहाद्दर
प्रेस्टनसाठी काहीच फरक पडत नव्हता. २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, शून्य पराभव, ७४ गोल केले, १५ खाल्ले, ४० गुण. दुसऱ्या नंबरच्या व्हिलाला २९. कुठल्याही पद्धतीने मोजा, पहिला तोच.

खरी मारामारी तळाला होती. शेवटच्या चौघांना पुढच्या हंगामासाठी पुन्हा अर्ज करून मतं मिळवायची होती, म्हणून आठवा आणि नववा यांच्यातली रेघ महत्त्वाची. नोव्हेंबरात एक मत असंही होतं की फक्त विजय मोजावेत, बरोबरीला काही नाही. ते मत चाललं असतं तर काय झालं असतं ते बघा (विजय-बरोबरी-पराभव) :

ॲक्रिंग्टन ६-८-८
एव्हर्टन ९-२-११
बर्नली ७-३-१२
डर्बी ७-२-१३
नॉट्स काउंटी ५-२-१५
स्टोक ४-४-१४

२-१ पद्धतीने ॲक्रिंग्टन आणि एव्हर्टन दोघांचे २० गुण. मग गोलसरासरी बघायची, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. ॲक्रिंग्टनचे गोल ४८–४८, सरासरी बरोबर १. एव्हर्टनची पाऊणच्या आसपास. म्हणून ॲक्रिंग्टन सातवं, एव्हर्टन आठवं. खाली बर्नली १७, डर्बी १६, नॉट्स १२, स्टोक १२.

आता फक्त विजय मोजा. एव्हर्टन ९ घेऊन सातवं. ॲक्रिंग्टनचे आठ ड्रॉ पाण्यात, ६ विजयांवर ते थेट दहावं आणि मतं मागायच्या रांगेत! बर्नली आणि डर्बी दोघांचे ७ विजय. बर्नलीचे गोल ४२–६२, भागाकार ०.६७७. डर्बीचे ४१–६१, भागाकार ०.६७२. पाच सहस्रांशांनी बर्नली वाचलं असतं आणि डर्बी अडकलं असतं.

म्हणजे बरोबरीला एक गुण द्यायचा की नाही या एका निर्णयाने ॲक्रिंग्टन आणि बर्नलीच्या जागांची अदलाबदल झाली.

आजची ३-१ पद्धत लावली तर एव्हर्टन २९, ॲक्रिंग्टन २६, बर्नली २४, डर्बी २३. तळाचे चार तेच राहतात.

कोपरकिक
जबरी! वाचनखूण साठवली.
एक शंका. गोलफरक (केलेले वजा खाल्लेले) न धरता सरासरी का? भागाकार करत बसायचा म्हणजे डोक्याला ताप.

तक्तेबहाद्दर
@कोपरकिक, ताप आहेच, शिवाय निकालही बदलतो. त्याच तक्त्यात नॉट्स आणि स्टोक १२-१२ गुणांवर आहेत. नॉट्स ४०–७३, सरासरी ०.५४८. स्टोक २६–५१, सरासरी ०.५१०. सरासरीने स्टोक शेवटचं. फरकाने मोजा : नॉट्स उणे ३३, स्टोक उणे २५. लगेच नॉट्स शेवटचं! आणि वरचे बर्नली-डर्बी? दोघेही उणे २०. म्हणजे फरकाने तिथे निकालच लागत नाही, केलेले गोल बघावे लागतात.

सरासरीत कमी गोल खाणाऱ्याला जास्त फायदा मिळतो, म्हणजे वरच्या संघांना बचाव करून बसायला ती प्रोत्साहनच देते. इंग्लंडने ती पद्धत १९७६ला टाकली आणि फरक घेतला.

बाकावरचा_बारावा
आणि एखाद्याने एकही गोल खाल्ला नाही तर? शून्याने भागणार?

तक्तेबहाद्दर
एफए कपला सरासरी लागत नाही हे बरं. प्रेस्टनने त्याच वर्षी एकही गोल न खाता तो कपही जिंकला, फायनलला वुल्व्ज ३–०.

सातारी_लेफ्टबॅक
म्हणजे खरे 'अजिंक्य' प्रेस्टन. आर्सेनलवाल्यांनी २००३–०४चा गाजावाजा थोडा आवरावा.

कोपरकिक
काहीही! २२ सामने कुठे आणि ३८ कुठे. आर्सेनल २६ विजय, १२ बरोबरी. प्रेस्टनकडे स्कॉटलंडहून आणलेले पगारी खेळाडू, समोर अर्धे संघ आदल्या वर्षापर्यंत मैत्रीपूर्ण सामने खेळणारे.

सातारी_लेफ्टबॅक
मैत्रीपूर्ण सामने प्रेस्टनही खेळत होतं की. आणि बारा ड्रॉ म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरा सामना. तक्तेबहाद्दरांनी वर दाखवलंच, फक्त विजय मोजले की काय होतं ते.

गोलपोस्ट
ही तुलना करताना नियम बघा, खेळच वेगळा होता. १८८८ला पेनल्टी किक नाही. जाळी नाही, त्यामुळे चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडण. मैदानावर दोन अंपायर, प्रत्येक बाजूचा एक, आणि रेफ्री बाहेर उभा. अंपायरांचं जमलं नाही की त्याला विचारायचं. गोलकीपरला स्वतःच्या अख्ख्या अर्ध्या मैदानात हात लावायची मुभा, ती १९१२पर्यंत. आणि त्याला खांद्याने ढकलून चेंडूसकट गोलात घालणं कायदेशीर. ऑफसाइड ठरायचं नसेल तर समोर प्रतिस्पर्ध्याची तीन माणसं हवीत, दोन नाही, हे १९२५पर्यंत. बदली खेळाडू नाही : कुणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं, हे थेट १९६५पर्यंत.

पेनल्टी १८९१ला आली. त्याच वर्षी जाळीही आली, लिव्हरपूलचा इंजिनियर ब्रॉडी याची. रेफ्री आत आला, अंपायर लाइन्समन झाले. पेनल्टी आली तीही अर्धवट. पहिल्याच हंगामात स्टोकला व्हिलाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या कीपरने चेंडू उचलून मैदानाबाहेर भिरकावला. चेंडू परत येईपर्यंत वेळ संपली, खेळ खलास. मग १८९२ला नियमात घातलं की पेनल्टी घेण्यापुरता वेळ वाढवायचा.

बाकावरचा_बारावा
तो कीपर आज असता तर कोटीत खेळला असता.

मडगावकर
पहिला गोल कोणाचा यावर पण काही लिहा ना कुणी.

गोलपोस्ट
बरीच वर्षं छापलं जायचं की लीगचा पहिला गोल स्वयंगोल होता : व्हिलाचा गर्शम कॉक्स, वुल्व्जविरुद्ध. पण त्या दिवशी सामने एकाच वेळी सुरू झाले नव्हते. वुल्व्जचा साडेतीनला, आणि कॉक्सचा गोल साधारण अर्ध्या तासाने, म्हणजे चारच्या सुमारास. बोल्टनचा सामना पावणेचारला सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला केनी डेव्हनपोर्टने गोल मारला. म्हणजे ३:४७. आता मान डेव्हनपोर्टला देतात. बोल्टन ३–० पुढे गेलं आणि ६–३ हरलं, हा भाग वेगळा.

कोपरकिक
ॲक्रिंग्टन म्हणजे आत्ताचं ॲक्रिंग्टन स्टॅनलीच ना?

ऑफसाइड_आत्या
नाही रे बाळा, इथे सगळे फसतात. १८८८चं ॲक्रिंग्टन वेगळा क्लब. १८९३ला चाचणी सामन्यात शेफील्ड युनायटेडकडून ०–१ हरलं, दुसऱ्या श्रेणीत खेळायला नको म्हणून लीगच सोडली आणि काही वर्षांत बंद पडलं. स्टॅनली निराळा, गावात नंतर मोठा झालेला. त्यानेही १९६२ला मध्येच लीग सोडली, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

आणि हो, पहिल्या बारातलं एव्हर्टन ॲनफील्डवर खेळायचं. १८९१चं विजेतेपद तिथलंच. १८९२ला जागामालकाशी भाडं आणि मालकीवरून बिनसलं, एव्हर्टन गूडिसनला गेलं. रिकाम्या मैदानावर मालकाने नवा क्लब उभा केला, तो लिव्हरपूल. लिव्हरपूलकर मंडळी हे ऐकून विषय बदलतात.

कूपरेज_जुना
आत्यांनी चाचणी सामन्यांचा उल्लेख केला, त्यात मोठी गंमत आहे.

१८९२ला दुसरी श्रेणी आली, फुटबॉल अलायन्स हा प्रतिस्पर्धी गट पोटात घेऊन. पहिलीत १६, दुसरीत १२. वर-खाली जाणं आपोआप नव्हतं. वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले वरचे यांच्यात हंगामाअखेर चाचणी सामने. पुढे त्याची चार संघांची छोटी साखळी झाली, आणि घोळ तिथेच झाला. १८९८ला शेवटचा सामना स्टोक विरुद्ध बर्नली. बरोबरी झाली तर दोघेही पहिल्या श्रेणीत. ०–० लागला हे सांगायला नको. गोलवर फटका मारायचं नावच नाही. प्रेक्षक इतके वैतागले की चेंडू आला की परतच देईनात. लीगने चाचणी सामने गुंडाळले, श्रेणी १८ची केली आणि पुढच्या हंगामापासून दोन वर, दोन खाली असं थेट सुरू केलं. नाहीतर अशी जुळवाजुळव दरवर्षी झाली असती. दोघांचा फायदा एकाच निकालात असेल तर दुसरं काय होणार?

गोलपोस्ट
त्याच्या पुढच्याच हंगामातलं प्रकरण. २६ नोव्हेंबर १८९८, शेफील्ड वेन्स्डे विरुद्ध व्हिला. रेफ्री उशिरा पोचला, त्यामुळे सामना उशिरा सुरू. साडेएकोणऐंशी मिनिटांनी अंधार पडला, थांबवला. वेन्स्डे ३–१ पुढे. आज असतं तर पुन्हा पहिल्यापासून. लीगने काय ठरवलं? उरलेली साडेदहा मिनिटंच खेळा! १३ मार्च १८९९ला दोन्ही संघ पुन्हा जमले, तेवढंच खेळले, वेन्स्डेने आणखी एक मारला, ४–१. व्हिलाने तरीही विजेतेपद नेलं.

बाकावरचा_बारावा
साडेदहा मिनिटांसाठी बर्मिंगहॅम ते शेफील्ड. तिकिटाचे पैसे मागितले असतील का कुणी परत?

मध्यरेषा
सगळ्यांचे आभार, दोन्ही प्रश्न सुटले. आता एक तिसरा. तळाच्या चौघांची फेरनिवडणूक म्हणताय, पण मतं देणार कोण? बाकीचे क्लबच ना? मग कुणी बाहेर जायचं का खरंच?

ऑफसाइड_आत्या
बरोबर, मतं सदस्य क्लबांचीच, म्हणून ओळखीपाळखीवर खूप चालायचं. १८८९ला स्टोक, बर्नली, डर्बी, नॉट्स चौघेही परत निवडून आले. १८९०ला मात्र स्टोक सलग दुसऱ्यांदा शेवटचं, त्याला नारळ मिळाला आणि संडरलँड आत आलं. स्टोकने वर्षभर अलायन्समध्ये खेळून ती जिंकली आणि १८९१ला लीग १४ क्लबांची झाली तेव्हा डार्वेनबरोबर परत आलं.

वरच्या श्रेणींत थेट वर-खाली आलं तरी सगळ्यात खालच्या पायरीवर हीच मतांची पद्धत राहिली. बाहेरच्या क्लबाने कितीही जिंकावं, आत यायला मतंच लागायची आणि आतले सहसा आतल्यांनाच मत द्यायचे. ती १९८६–८७च्या हंगामापासून बंद झाली. त्या हंगामात लिंकन सिटी थेट खाली गेलं आणि स्कार्बरो मतांशिवाय वर आलं.

तक्तेबहाद्दर
@आत्या, लिंकनचं तर गोलफरकावरच गेलं, बर्नलीला शेवटच्या दिवशी जिंकावं लागलं तेव्हा ते वाचलं. १८८८चे तेच बर्नली. त्या तक्त्याची बेरीज-वजाबाकी संध्याकाळी टाकतो.